उलटी ओढ

लेबोनाच्या थडग्यावर दगड बसवायचा शनिवार ठरला, तेव्हाच केनेवेने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "त्या दिवसाची बिअर मी करणार." दुकानातल्या पेट्या ज्याला आणायच्या त्याने खुशाल आणाव्यात. पण दगडावरचं कापड निघाल्यावर पहिला पेला फिरेल तो लेबोनाच्या कृतीने, लेबोनाच्याच पिंपात केलेल्या बिअरचा.

नणंदेचं, सगळ्यांच्या आउसी म्हणजे ताई मालेरातोचं, तोंड तेव्हाच वाकडं झालं.

"सुतकाचे काळे कपडे उतरवून पंधरा दिवस नाहीत झाले, आणि हिला पिंपं आठवली," ती भर स्वयंपाकघरात म्हणाली. "तुझ्या हातचं खाऊनच गेला ना गं माझा भाऊ?"

कोणी हसलं नाही. कोणी हटकलंही नाही. बायका बटाटे सोलत राहिल्या.

लेबोना गेला तो पोटदुखीने. तीन दिवसांत गेला, चोपन्नाव्या वर्षी. आतडं फुटलं होतं असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद केनेवेने कपाटात जपून ठेवला होता. पण कागद वाचतो कोण? केनेवे फिक्सबर्गच्या दवाखान्यात बावीस वर्षं औषधं देण्याच्या खिडकीत बसलेली. नवरा पोटदुखीने जातो आणि बायकोच्या हाताशी औषधांची कपाटं असतात, हे दोन धागे एकत्र पिळायला मालेरातोला कोणी शिकवायला नको होतं. वर्षभर ती ते सूत कातत होती. चर्चच्या पायरीवर, केस विंचरून घेताना, नदीपलीकडे लेसोथोत नातलगांकडे गेली की तिथेही.

केनेवे उत्तर देत नसे. उत्तर दिलं की भांडण होतं, आणि भांडणात जो मोठ्याने ओरडतो त्याचं लोकांना पटतं, हे तिने खिडकीत बसून पुष्कळदा पाहिलं होतं.

बिअर मात्र तिने मन लावून केली. लेबोनाची वही उघडून, एकेक ओळ बोटाने धरून. दोन पिंपं, वीस-वीस लिटरची, खाली तोटी असलेली. बारा दिवस गॅरेजमध्ये ती मजेत बुडबुडत होती. यीस्ट साखर खाई आणि गॅस सोडी. तो गॅस झाकणातल्या नळीने बाहेर पडे आणि बरणीतल्या पाण्यात बुड् बुड् करत निघून जाई. पाणी अशासाठी, की आतला गॅस बाहेर जावा पण बाहेरची हवा, माशा, चिलटं आत येऊ नयेत.

आता राहिलं होतं शेवटचं काम. पिंपं फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवस गोठायच्या बेतापर्यंत थंड करायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि बिअर काचेसारखी स्वच्छ होते. याच कामाला लेबोना सगळ्यात जास्त भीत असे. वहीत त्याने लाल शाईने लिहिलं होतं: *उलटी ओढ. विसरू नको.*

पिंप थंड झालं की आतला गॅस आकसतो, थोडा बिअरमध्ये विरतो. मग बारा दिवस बाहेर फुंकणारं पिंप श्वास आत ओढू लागतं. आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जे काही असेल ते वर चढून बिअरमध्ये येतं. हवा असेल तर हवा. पाणी असेल तर पाणी. "पिंपाला नाक नसतं, केनेवे," तो म्हणायचा, "ते काय पितंय ते त्याला कळत नाही."

त्यावर त्याचा उपाय होता गॅसच्या पिशवीचा. शेवटच्या दिवसांतला गॅस एका जाड पिशवीत साठवायचा आणि थंड करताना ती पिशवी झाकणाला जोडून ठेवायची. पिंप ओढतं तेव्हा पिशवीतला स्वतःचाच गॅस परत घेतं. पिशवी हळूहळू चपटी होते, बस्स. पहिल्या पिंपाला केनेवेने अशी पिशवी लावली. दुसरी पिशवी काढली तर वर्षभर घडीत राहून तिला चिरा पडलेल्या. मग दुसऱ्या पिंपासाठी तिने वहीतली दुसरी युक्ती काढली. दोन बरण्या. पिंपाची नळी पहिल्या बरणीत, ती कोरडी, रिकामी, झाकण घट्ट. तिच्यातून नळी दुसऱ्या बरणीत, तिच्यात दोन बोटं उकळलेलं पाणी. पिंपाने ओढ घेतली तर ते दोन बोटं पाणी रिकाम्या बरणीत येऊन पडेल आणि तिथेच थांबेल. रिकाम्या बरणीचं काम एवढंच, रिकामी राहणं.

मंगळवारी संध्याकाळी तिने दोन्ही पिंपं जुन्या मोठ्या फ्रिजमध्ये चढवली, बरण्या फ्रिजच्या शेजारी फळीवर मांडल्या आणि दार लावलं. त्या आठवड्यात लोडशेडिंग सहाव्या पायरीला गेलं होतं. दिवसातून तीन-चार वेळा वीज जाई, दोन-दोन तास, कधी चार. फ्रिज थंड होई, कोमट होई, पुन्हा थंड होई. म्हणजे पिंप एकदा नाही, दर वेळी नव्याने ओढ घेणार. केनेवेला ते ठाऊक होतं. म्हणून तर बरणी लिटरची घेतली होती.

गुरुवारी दुपारी वीज नसताना ती हातात टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेली. फ्रिजचं दार उघडलं तर थंडावा जाईल म्हणून नुसत्या बरण्या पाहिल्या. दुसरी बरणी रिकामी झाली होती. पहिलीत पाणी आलेलं दिसलं, किती ते तिने पाहिलं नाही. जसं व्हायला हवं तसं. "जमलं रे," ती अंधारात लेबोनाला म्हणाली, आणि मांडवाच्या दोऱ्या मोजायला बाहेर गेली.

शुक्रवारी सकाळी ती दगड बघायला गवंड्याकडे गेली. नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते पुन्हा कोरून होईपर्यंत तिला तिथेच उभं राहावं लागलं. परत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. अंगणात मांडव उभा राहिला होता, पीचच्या झाडांना गुलाबी फुलोरा आला होता आणि त्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत न्ताते फोका बसले होते. लेबोनाचे थोरले काका, सगळ्यांचे न्ताते म्हणजे बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अंगावर घोंगडी, पायांत नवे बूट. सकाळीच पूल ओलांडून लेसोथोहून आले होते.

"ये सूनबाई, ये," ते म्हणाले. "तुझी बिअर... तुझी बिअर गोड आहे गं. लेबोनाची कडू असायची."

केनेवे हसली. "न्ताते, तुम्ही कधी चाखलीत? अजून तर ती बाहेरही काढली नाही."

"घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला पहिला घोट लागतो. रीत आहे." त्यांनी बोट वर केलं, पण ते बोट कुठे थांबवावं हे त्यांना समजेना. "सेचाबानं दिली. दोन मग. दोनच."

दोन मगांत न्ताते फोका? ज्या माणसाने लेबोनाच्या लग्नात तरण्या पोरांना पाणी पाजलं होतं, तो दोन मगांत बोलताना अडखळतो? म्हातारपण, केनेवेने मनाशी म्हटलं. ऊन. रिकामं पोट.

पण "गोड" हा शब्द तिच्या कानातून जाईना. बारा दिवस मुरलेल्या बिअरमध्ये गोड काय उरणार? साखर तर सगळी यीस्टने खाल्लेली.

ती गॅरेजमध्ये गेली. वीज आली होती. तिने दिवा लावला आणि बरण्यांकडे नीट पाहिलं.

दुसरी बरणी रिकामी. पहिली भरलेली, अगदी गळ्यापर्यंत.

दोन बोटं पाणी तिने स्वतः ओतलं होतं, पेलाभर. पेलाभर पाणी एका बरणीतून दुसरीत गेलं तर दुसरीत पेलाभरच व्हायला हवं. लिटरभर कुठून आलं? तिने बरणी उचलून दिव्याखाली धरली. आतलं पाणी पाण्याच्या रंगाचं नव्हतं. हिरवट होतं, फार फिकं नाही, फार गडदही नाही. झाकण उघडलं. वास जवळजवळ नव्हताच. होता तो किंचित गोडसर.

मागच्या फळीवर लेबोनाने पिकअपसाठी आणलेलं कूलंट, इंजिन थंड ठेवायचं गोडसर विषारी पाणी, असे. डबा फुटला तेव्हा त्याने ते सरबताच्या दोन लिटरच्या बाटलीत काढून ठेवलं होतं, आणि केनेवेने तेव्हाच म्हटलं होतं की यावर चिठ्ठी चिकटव. चिठ्ठी चिकटवलीही होती. ती गळून फळीमागे पडली होती. बाटली अर्धी झाली होती.

तिने दारातून हाक मारली, "सेचाबा!"

सेचाबा लेबोनाचा धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून वर्षभर तो तिच्याशी बोलत नव्हता. या आठवड्यात मात्र पहाटे येऊन संध्याकाळपर्यंत राबत होता. मेखा ठोकायचा हातोडा घेऊनच तो आत आला.

"ही बरणी कोणी भरली?"

"मी." त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. "बुधवारी दोऱ्या न्यायला आलो होतो. बघतो तर एक बरणी ठणठणीत कोरडी! म्हटलं, गवंड्याच्या आणि खाटकाच्या धावपळीत वहिनी विसरल्या. भरून टाकली. दादा नेहमी म्हणायचा ना, बरणी कोरडी पडली की बिअर गेली."

"कशाने भरली?"

"त्या बाटलीतल्या औषधाच्या पाण्याने. तुम्ही नळ्या धुता ना, त्या." त्याने फळीकडे बोट केलं. तिथे दोन बाटल्या होत्या, सारख्याच आकाराच्या. एकीत नळ्या धुवायचं पाणी होतं. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

तिने बाटली त्याच्या हातात दिली. तो गाड्यांच्या कामातला माणूस. त्याने बूच काढलं, दोन थेंब बोटांवर घेऊन चोळले, आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

"नाही," तो म्हणाला. "वहिनी, नाही."

"न्तातेंना कोणत्या पिंपातली दिलीस?"

"दाराजवळच्या. तोटी इकडे होती म्हणून."

दाराजवळचं पिंप दुसरं. केनेवेच्या डोक्यात सगळं आपोआप उलगडत गेलं, जसं खिडकीतून चिठ्ठी वाचताना उलगडायचं. रिकामी बरणी भरलेली, म्हणून अडवायला जागाच नव्हती. पिंपाने दर वेळी ओढ घेतली. दुसऱ्या बरणीतलं पाणी पहिलीत आलं आणि जितकं इकडून आलं तितकं कूलंट तिकडे पिंपात ढकललं गेलं. पेलाभर तरी. कूलंट बिअरपेक्षा जड. थंड बिअरमध्ये ते ढवळलं जात नाही, तळाशी जाऊन बसतं. तोटी तळाशी. पहिले दोन मग.

"कधी दिलीस?"

"दहाला. दहा-सव्वादहा."

"आणखी कोणी?"

"कोणी नाही. आउसीनं बाकीच्यांना अडवलं. म्हणाली, उद्याच्या आधी हिच्या हातचं कोणी प्यायचं नाही." हातोडा अजून हातातच होता. तो कुठे ठेवावा ते त्याला सुचत नव्हतं.

केनेवेने फोन काढला. बेथलेहेमच्या मोठ्या इस्पितळात अपघात विभागाला फोन लावला, आपण कोण ते सांगितलं, काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. पलीकडे तरुण बाई होती, आवाज थकलेला पण सावध.

"शुद्धीवर आहेत? गिळता येतंय? उलटी?"

"शुद्धीवर आहेत. नुसते प्यायल्यासारखे वाटतात."

"तसंच वाटतं, आधी. मग वाटत नाही." क्षणभर कागद सरकल्याचा आवाज. "खरं औषध आमच्याकडे आज नाही, ब्लोमफाँटेनहून मागवते. तोवर दारूच. तुम्हाला माहीत असेल. दारू आणि ते विष एकाच दारातून आत जाऊ बघतात. दारू पुढे राहिली तर विष बाहेर खोळंबतं. जवळ काय आहे?"

"बिअर. दुसरं पिंप आहे, स्वच्छ."

"खात्री?"

केनेवेने फ्रिज उघडला. पहिल्या पिंपावरची पिशवी चपटी होऊन झाकणाला चिकटली होती, कोरडी, कुठेही चीर नाही. "खात्री आहे."

"मग एक मोठा मग आत्ता, आणि वाटेत दर अर्ध्या तासाला थोडी थोडी. झोपू लागले तर थांबा, जबरदस्तीने ओतू नका. आणि निघा. आत्ता निघा."

फोन ठेवला तेव्हा दारात सावली पडली होती. मालेरातो उभी होती. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"काय विष?" मालेरातोने विचारलं. "कुणाला विष?"

इथे केनेवेला दुसरंही काही सांगता आलं असतं. म्हाताऱ्यांना ऊन लागलं, रक्तदाब वाढला, इस्पितळात नेते. सेचाबा तिच्याकडे तेच मागणाऱ्या डोळ्यांनी पाहत होता. पण उद्या कोणी त्या पिंपाला तोटी लावली तर? आणि वाटेत म्हातारा बेशुद्ध पडला तर सोबतच्याला ठाऊक नको?

"त्या पिंपात विष गेलंय," ती म्हणाली. "चुकून गेलंय, गाडीचं कूलंट. न्ताते फोका त्यातलं प्यायलेत. ते पिंप कोणी शिवायचं नाही. मी त्यांना बेथलेहेमला नेते."

मालेरातो ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला, आणि तेच जास्त वाईट होतं.

"ऐकलंत?" ती मागच्या बायकांना म्हणाली. "वर्षभर मी सांगत होते ते आज तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

केनेवेने पहिल्या पिंपाची तोटी उघडली, एक मोठा मग भरून घेतला आणि अंगणात आली. मांडवाखाली बातमी तिच्या आधी पोचली होती. दहा-बारा पुरुष खुर्चीभोवती गोळा झाले होते. न्ताते फोकांची मान पुढे लवत होती. ओठांच्या कडेला फेस आला होता, थोडासाच. ते कुणाचं तरी नाव घेऊन गुणगुणत होते, पण नाव अर्धंच राही.

"पुन्हा तीच?" मालेरातो मधे आली. "माणूस मरायला टेकलाय आणि तू त्याला आणखी पाजणार? अरे, बघत काय बसलात? काढून घ्या तिच्या हातातला मग!"

एक जण पुढे झाला. केनेवे त्याला लहानपणापासून ओळखत होती. त्याच्या पोरांच्या खोकल्याची औषधं तिनेच दिलेली. त्याने तिच्या मनगटाला हात घातला. घट्ट नाही, पण घातला.

"ही दुसऱ्या पिंपातली आहे," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय. हिच्यानं विष मागे राहतं."

"विषावर बिअर!" मालेरातो म्हणाली. "आणखी काय ऐकायचं राहिलंय?"

कोणी हलेना. हे गप्प राहणं केनेवेला ठाऊक होतं. स्वयंपाकघरात बटाटे सोलताना असंच होतं. माणसं वाईट नव्हती. ती फक्त वाट बघत होती, कुणीतरी काहीतरी करण्याची. आणि घड्याळ पुढे सरकत होतं. दहापासून एक म्हणजे तीन तास.

तिने मनगट सोडवून घेतलं, हातातला मग तोंडाला लावला आणि अर्धा एका दमात रिकामा केला. बिअर गारठलेली होती, कडू होती, लेबोनाचीच होती. डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे बघायला वेळ नव्हता.

"करणाऱ्याने आधी प्यायची, ही पण रीतच आहे ना?" ती म्हणाली. "प्याले. आता सरा बाजूला."

आधी सेचाबा सरला. खरं म्हणजे सरला नाही, पुढे आला. त्याने न्ताते फोकांचं डोकं आपल्या छातीशी टेकवून धरलं आणि म्हणाला, "पाजा, वहिनी." म्हातारा घोट घोट प्यायला. "ही बरी," तो मध्येच म्हणाला. "ही कडू आहे."

पिकअपमध्ये मधल्या जागेवर न्ताते फोका, एका बाजूला केनेवे, चाकामागे सेचाबा. मागे घराच्या फाटकापाशी सगळे उभे होते, आणि त्यांच्यात हात हलवणारं कोणी नव्हतं.

फौरीसबर्गपर्यंत रस्त्यात खड्डे, प्रत्येक खड्ड्याला म्हाताऱ्याची मान केनेवेच्या खांद्यावर आपटे. तिने पाण्याच्या बाटलीत बिअर भरून घेतली होती, घड्याळ बघून ती दोन-दोन घोट पाजत होती. एकदा त्यांनी तिला आपल्या मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारली. ती "ओ" म्हणाली. मग त्यांचा श्वास बदलला. खोल आणि भराभर, धावून आलेल्या माणसासारखा, आणि माणूस तर बसलेला.

"वहिनी," सेचाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ते... ते कसं श्वास घेतायत."

"तू गाडी चालव."

"मी तोंड दाखवू शकणार नाही. आउसीला तर... तुम्ही कुणाला सांगू नका ना. एवढं करा. लोक तुमच्याबद्दल तसंही—" आणि इथे तो थांबला, कारण वाक्य कुठे चाललंय ते त्याचं त्यालाच ऐकू आलं.

केनेवेने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तसंही काय?"

वालुकाश्माचे पिवळे कडे दोन्ही बाजूंनी मागे पडत होते.

बेथलेहेममध्ये वीज गेलेली होती. चौकातले दिवे बंद, गाड्या एकमेकींत अडकलेल्या. सेचाबाने हॉर्नवर हात ठेवला तो इस्पितळाच्या दारापर्यंत काढला नाही. दारात चाकांची खाट घेऊन माणसं तयार होती. तरुण डॉक्टर अगदी लहानखुरी निघाली. तिने न्तातेंच्या डोळ्यांत टॉर्च मारला, केनेवेने नमुन्यासाठी आणलेली बरणीतल्या पाण्याची छोटी बाटली घेतली, आणि चालता चालता विचारलं, "पिंपात हे गेलं कसं?"

"माझ्या बरणीतून," केनेवे म्हणाली.

सेचाबा शेजारीच उभा होता. त्याने खाली पाहिलं.

चार तास ती दोघं बाकड्यावर बसून होती. न्तातेंना उलट्या झाल्या, मग झटका आला, मग त्यांना आत नेलं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आली. ब्लोमफाँटेनहून औषध पोचलं होतं आणि त्यांना तिकडेच हलवायचं होतं, कारण मूत्रपिंडं बंद पडत होती आणि रक्त यंत्रातून धुवावं लागणार होतं. "जगतील असं वाटतं," ती म्हणाली. "वाटेत पाजत आलात म्हणून. नाहीतर मी आता तुम्हाला वेगळं काही सांगत असते."

परत येईपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. मांडवाखाली सगळे बसले होते. कोणी जेवलं नव्हतं. केनेवेने दोन दिवस खपून केलेल्या पदार्थांची झाकणं तशीच होती, आणि दोन्ही पिंपं, विषाचं आणि बिनविषाचं, कुणीतरी फाटकाबाहेर ओतून दिली होती. मातीचा तो भाग अजून ओला होता. कुत्री येऊ नयेत म्हणून कोणी त्यावर काटे टाकले होते. तेवढं मात्र शहाणपणाचं.

केनेवे सरळ घरात जाऊ लागली. सेचाबा मांडवात गेला. तिला वाटलं नव्हतं तो बोलेल. तो खुर्चीवर बसला नाही, मधोमध उभा राहिला.

"मी ओतलं," तो म्हणाला. "वहिनींनी बरणी मुद्दाम रिकामी ठेवली होती. मला कळलं नाही. मी भरली. कूलंटने भरली, पाणी समजून. काकांना मग मी दिला, मी. वहिनींचा यात हात नाही. असला तर वाचवण्यात आहे."

दारातून केनेवेला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. काहींच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. ज्याने तिचं मनगट धरलं होतं तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. मग मालेरातो उठली आणि भावाजवळ आली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, जसा आजाऱ्याचा धरतात.

"चार तास बसलास तिच्याजवळ," ती मायेने म्हणाली. "बघा रे. याच्या तोंडात शब्दसुद्धा तिनेच घातलेत."

"आउसी, मी—"

"गप, बाळा. तू दमलायस."

आणि केनेवेने पाहिलं, उतरलेलं ओझं काहींनी पुन्हा खांद्यावर घेतलं.

दगड त्या शनिवारी बसला नाही. तीन आठवड्यांनी बसला, पावसाचे चार थेंब पडून गेल्यावर, निम्म्याहून कमी माणसांत. न्ताते फोका आले. चेहरा सुजलेला, कातडी राखेसारखी. आठवड्यातून दोनदा त्यांना यंत्राला जोडत होते, आणि पुढे बहुधा लागणार नाही असं डॉक्टर म्हणत होते, बहुधा. दगडावरचं कापड त्यांनीच ओढलं. "लेबोना," ते म्हणाले, "तुझ्या बायकोनं मला परत आणलं. तुला कळावं म्हणून सांगतो. इथल्या लोकांना मी सांगून थकलो."

स्मशानातून घरी आलं की फाटकापाशी पाण्याची परात ठेवलेली असते. आत शिरण्याआधी सगळ्यांनी त्यात हात धुवायचे. माणसं एकामागून एक वाकत होती. सेचाबाने धुतले, न्तातेंना धरून त्यांचेही धुतले. केनेवे रांगेत शेवटची होती आणि तिच्या पुढे मालेरातो. मालेरातोने सावकाश हात धुतले, नखंसुद्धा. मग परात उचलली आणि सगळं पाणी कुंपणाशी ओतून टाकलं.

रिकामी परात तिने केनेवेच्या पायाशी ठेवली आणि आत गेली. मांडवातून सगळे बघत होते. कोणी पाणी घेऊन उठलं नाही. केनेवेने परात उचलली, नळाशी नेली, भरली आणि तिथेच उकिडवं बसून कोपरापर्यंत हात धुतले.